मांजराला मधुमेह, किडनीचा आजार आणि दमा एकत्र असताना साखर आटोक्यात कशी आणायची?

तुमचा बोका १२ वर्षांचा, वजन साडेचार किलो, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) २.४, दम्यासाठी रोज प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी चालू, आणि ग्लार्जिन हे इन्सुलिन १ युनिटवरून ३ युनिटपर्यंत नेलं तरी साखर ४०० च्या खाली येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे: आता इन्सुलिन आणखी वाढवू नका. साखर कशामुळे चढतेय ते आधी शोधा. मोठा संशय त्या दम्याच्या गोळीवर आहे.

मात्र सगळ्यात आधी सिरिंज तपासा. आपल्याकडे दुकानात लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१०० अशा दोन्ही सिरिंज मिळतात (हा आकडा म्हणजे एका मिलिलिटरमधली इन्सुलिनची युनिट). ग्लार्जिन यू-१०० असतं. ते यू-४० सिरिंजमध्ये १ च्या खुणेपर्यंत ओढलं तर अडीच युनिट जातात आणि एवढ्याशा जिवाची साखर धाडकन कोसळू शकते. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची यू-१०० सिरिंज मागून घ्या. ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा सलाइन मिसळायचं नाही, बाटली जोरात हलवायची नाही आणि ती फ्रीझरजवळ ठेवायची नाही.

आता गोळी. प्रेडनिसोलोनमुळे यकृत जास्त साखर बनवतं आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. म्हणून फ्लुटिकासोन या श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडच्या इनहेलरबद्दल डॉक्टरांशी बोला. लहान बाळांचा मास्क लावलेला स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) मांजराला चालतो. औषध सोडल्यावर ७ ते १० श्वास होईपर्यंत मास्क तोंडावर धरायचा, दिवसातून दोनदा. याचा पूर्ण असर यायला १ ते २ आठवडे लागतात, तोवर गोळी सुरूच ठेवायची आणि मग टप्प्याटप्प्याने उतरवायची. गोळी एकदम बंद केली तर दमा उसळतोच, शिवाय शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनायला वेळ लागतो. महिनाभर टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन अशा मांजराला टोचून घेऊ नका, एकदा दिलं की ते मागे घेता येत नाही.

खरा धोका गोळी उतरताना असतो. ती कमी झाली की तेच ३ युनिट जास्त होतात. त्या काळात घरी रोज साखर मोजा: सकाळच्या इंजेक्शनआधी, आणि नंतर ४ ते ८ तासांच्या दरम्यान एक-दोनदा. सर्वात खालचा आकडा ८० ते १५० मध्ये असावा. तो ८० च्या खाली गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून डोस उतरवा. वाढवायचा असेल तर मात्र ५ ते ७ दिवस थांबून, अर्ध्या युनिटने.

कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब घ्या. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. किडनीच्या आजारात रक्त कमी झालेलं असेल तर उलट आकडा फुगतो. तेव्हा हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय मीटरवर आंधळा विश्वास नको. दवाखान्यात मोजलेल्या साखरेवरून तर डोस ठरवूच नका, नुसत्या भीतीनेही मांजराची साखर ३०० पार जाते.

खाण्याबद्दल: क्रिएटिनिन २.४ म्हणजे किडनीच्या आजाराचा दुसरा टप्पा. या टप्प्यावर मी मधुमेहाला झुकतं माप देईन. पिष्टमय पदार्थांतून १२ टक्क्यांहून कमी कॅलरी येतील असं ओलं खाणं निवडा, त्यातही कमी फॉस्फरसचं. रक्तातलं फॉस्फरस ४.६ च्या वर गेलं तर फॉस्फरस बांधणारं औषध खाण्यातच कालवून देतात. क्रिएटिनिन २.९ च्या पुढे सरकलं की किडनीच्या खाण्याला प्राधान्य आणि इन्सुलिन त्यानुसार बदलायचं. दूध-भात, दूध-पोळी आजपासून हळूहळू बंद. सुकट-बोंबील खारट आणि फॉस्फरसने भरलेले, तेही नकोत. नुसत्या उकडलेल्या चिकनवर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडतं, म्हणून तो कायमचा उपाय नाही. खाणं बदलल्यावरही इन्सुलिनची गरज घटते. त्यामुळे खाणं आणि गोळी एकाच आठवड्यात बदलू नका, आकडा कशामुळे खाली आला ते कळणार नाही.

घरी कातडीखाली सलाइन देत असाल तर रिंगर लॅक्टेट वापरा. बाटलीवर डेक्स्ट्रोज किंवा डीएनएस लिहिलेलं असेल तर त्यात साखर असते, ती परत करा.

लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) पण करून घ्या. लपलेल्या संसर्गामुळेही साखर चढलेली राहते, आणि या दोन्ही आजारांत लघवी तशीही जास्त होत असल्याने तो लक्षात येत नाही. परदेशातल्या वाचकांसाठी एक: बेक्साग्लिफ्लोझिन आणि व्हेलाग्लिफ्लोझिन ही मांजराच्या मधुमेहावरची तोंडाने द्यायची औषधं अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मंजूर झाली, पण इन्सुलिन घेत असलेल्या मांजरासाठी ती नाहीत.

आधी खायला घाला, मग टोचा. किडनीच्या मांजराची भूक लहरी असते, तेव्हा निम्मं खाल्लं तर किती आणि काहीच नाही खाल्लं तर काय करायचं हे डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या. साखर ६० च्या खाली गेली किंवा मांजर झोकांड्या खाऊ लागलं तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी हिरड्यांना चोळा आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, फुफ्फुसात जाईल. उलट्या होताहेत, अन्नावर वासना नाही आणि लघवीच्या पट्टीवर कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतंय याची खूण) दिसताहेत, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच न्या. मान खाली लोंबत असेल तरीही तितकीच घाई करा, ते पोटॅशियम घटल्याचं लक्षण असू शकतं. किडनीतून पोटॅशियम वाहून जातं, इन्सुलिन उरलेलं पेशींत ढकलतं, आणि त्याची कमतरता हृदयापर्यंत पोचते.