वाचकांचे प्रश्न : जे. जे.चे कोण, आणि कोणाच्या हाताखालचे?

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण शाळेचे नाव आणि तिथल्या माणसांची नावे यांचे नेमके नाते काय, ही एकच शंका त्या सर्वांच्या मुळाशी आहे.

प्रश्न : जे. जे.च्या नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या ज्या याद्या फिरत असतात, त्यांत कुठे राजा रवी वर्मा असतात, कुठे बाबूराव पेंटर, तर कुठे आर. के. लक्ष्मण. यांतले खरोखर तिथे शिकलेले कोण? (एक चित्रकला शिक्षक, सांगली)

उत्तर : आपण घेतलेल्या तीन नावांपैकी एकही नाही. रवी वर्मा त्रावणकोरच्या राजघराण्याच्या परिसरात घडले. मुंबईशी त्यांचा मोठा संबंध आला तो 1894 साली सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यामुळे. बाबूराव पेंटर कोल्हापुरातच स्वतःच्या हिमतीवर शिकले. लक्ष्मण यांनी जे. जे.मध्ये प्रवेश मागितला होता, परंतु तो नाकारण्यात आला आणि ते म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयातून पदवीधर झाले. ज्याला दारातून परत पाठवले त्याचेच नाव पुढे यादीत मिरवावे, हा प्रकार गमतीचा असला तरी शोभणारा नाही.

उलट ज्यांच्याविषयी सहसा कोणाला सुचत नाही अशी काही माणसे तिथे शिकलेली आहेत. दादासाहेब फाळके 1885 साली जे. जे.मध्ये दाखल झाले आणि त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात गेले. वेदांचे भाष्यकार म्हणून घरोघरी ठाऊक असलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे चित्रकार, जे. जे.चे विद्यार्थी आणि तिथल्या मेयो पदकाचे मानकरी होते. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर हेही तिथेच शिकले आणि पुढे राज्याचे कला संचालक झाले. नर्तक उदय शंकर यांचेही आरंभीचे चित्रकलेचे शिक्षण इथलेच. अभिनेते अमोल पालेकर चित्रकलेचे विद्यार्थी, तर नाना पाटेकर उपयोजित कलेचे.

यादी करताना आणखी एक भेद पाळावा लागतो. शाळेत प्रवेश घेणे, शिक्षण पूर्ण करणे आणि केवळ मुंबई सरकारची कलापदविका परीक्षा देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे यांनी ही परीक्षा दिली, पण त्यांची खरी शाळा इंदूरची होती. गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना 1945 साली जे. जे.तून काढून टाकले गेले. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी, ज्यांना 2018 साली वास्तुकलेचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला, ते इथला अभ्यासक्रम पुरा न करताच लंडनला गेले. त्यांना ‘माजी विद्यार्थी’ म्हणण्यास हरकत नाही. ‘पदवीधर’ म्हणू नये.

आपण शिक्षक आहात म्हणून एक जास्तीची दुरुस्ती सुचवतो. हातात समई धरलेल्या आणि ज्योतीच्या उजेडात उजळलेल्या स्त्रीचे जे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, ते असंख्य दिनदर्शिकांनी आणि भिंतींनी रवी वर्म्यांच्या नावे खपवले. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे. हळदणकर सावंतवाडीचे आणि जे. जे.चे विद्यार्थी, चित्रातली स्त्री त्यांची स्वतःची कन्या होती आणि चित्र रंगवले गेले 1945-46 च्या सुमारास, म्हणजे रवी वर्मा निवर्तल्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी.

प्रश्न : विद्यार्थ्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात, परंतु तिथे शिकवले कोणी? सगळे इंग्रजच होते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न कोल्हापुरातून यावा हे योग्यच झाले, कारण उत्तरातला मुख्य माणूस आपल्या गावचा आहे.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 2 मार्च 1857 रोजी ही शाळा सुरू झाली आणि आरंभीचे वर्ग एल्फिन्स्टन संस्थेत भरत. पहिल्या काही दशकांत वरच्या जागांवर इंग्रज होते हे खरे. त्यांतील जॉन ग्रिफिथ्स यांचे नाव विसरता येणार नाही. 1872 पासून पुढे अनेक वर्षे ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करून घेत. त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच 1885 साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला लागलेल्या आगीत जळून गेल्या. मात्र त्या कामावर घडलेले पेस्तनजी बमनजी यांच्यासारखे विद्यार्थी राहिले, आणि पेस्तनजींनी पुढे आपल्या पारशी समाजाची जी शांत, घरगुती चित्रे रंगवली ती आजही जुनी वाटत नाहीत.

आता आपल्या गावचा माणूस. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म 1867 साली कोल्हापूरचा. 1890 साली ते विद्यार्थी म्हणून जे. जे.त आले, 1895 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवणारे पहिले भारतीय ठरले, पुढच्याच वर्षी तिथे शिकवू लागले, 1910 साली मुख्याध्यापक झाले आणि 1931 साली निवृत्त झाले. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. निवृत्तीच्या सुमारास काही काळ ते प्रभारी संचालकही होते. परक्या सरकारच्या संस्थेत ती खुर्ची काही काळ का होईना एका मराठी चित्रकाराला मिळाली, याचे त्या काळी किती अप्रूप असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

धुरंधरांना पुष्कळदा ‘पोस्टकार्डांचे चित्रकार’ म्हणून हातावेगळे केले जाते आणि तो अन्याय आहे. किंकेड, एडवर्ड्‌स, रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्यांच्या ग्रंथांसाठी त्यांनी चित्रे काढली, पौराणिक प्रसंग रंगवले, मुंबईच्या रस्त्यावरची नाना जातिधर्मांची माणसे त्यांच्या पेहरावासकट टिपली, आणि हे सर्व वर्गात शिकवण्याचे काम चालू असताना केले. मनुष्याकृतीच्या अभ्यासावरची त्यांची हुकमत हीच दोन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांची पायाभरणी होती. त्यांच्याच काळात गोव्याचे आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद तिथे शिकले आणि शिकवूही लागले. व्यक्तिचित्रातील छायाप्रकाशामुळे त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. मला स्वतःला ही उपमा मुळीच आवडत नाही, कारण त्रिंदाद यांच्या तैलरंगातला उजेड कोकणपट्टीचा आहे, हॉलंडचा नव्हे.

धुरंधरांच्याही आधी कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे.त शिकून गेले होते. मुंबईत सहज मिळाली असती ती प्रतिष्ठा बाजूला ठेवून ते गावी परतले आणि रंकाळा-पंचगंगेच्या परिसरात निसर्गचित्रे करत राहिले. शाळेच्या कोणत्याही पगारपत्रकावर त्यांचे नाव नव्हते, तरी कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतली शिक्षकाची जागा त्यांच्याकडेच जाते.

प्रश्न : रुडयार्ड किप्लिंग जे. जे.त शिकले होते, असे आमच्या मार्गदर्शकाने सांगितले. खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. त्यांचे वडील जॉन लॉकवूड किप्लिंग 1865 साली वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून आले आणि त्याच वर्षी 30 डिसेंबरला शाळेच्या आवारातील घरात रुडयार्डचा जन्म झाला. आज दाखवला जाणारा लाकडी बंगला नंतरचा आहे. लॉकवूड 1875 साली लाहोरच्या मेयो कलाशाळेत गेले. त्यांचे मुंबईतील काम पाहायचे असेल तर क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे पाहावीत. भाजी घेणाऱ्यांपैकी फार थोडे वर पाहतात.

प्रश्न : प्रोग्रेसिव्ह गटाचे चित्रकार जे. जे.च्या शिकवणीविरुद्ध बंड करून मोठे झाले. मग त्यांचे श्रेय शाळेला कसे देता येईल? (एक कलाविद्यार्थी, नागपूर)

उत्तर : आपल्या प्रश्नातील तक्रार निम्मी खरी आहे. 1947 साली मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप’ हा तरुण आधुनिक कलावंतांचा गट स्थापन झाला तेव्हा त्यात सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाक्रे होते. यांपैकी सूझा, रझा आणि शिल्पकार सदानंद बाक्रे हे जे. जे.चे. त्यांना नव्या युरोपीय चित्रकलेची ओळख वर्गापेक्षा वर्गाबाहेर अधिक झाली. नाझींच्या छळामुळे युरोप सोडून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर हे टाइम्स ऑफ इंडियाचे कला संचालक होते, आणि त्यांच्या घरी तरुण चित्रकारांचा जो राबता असे, तो एक प्रकारचा दुसरा वर्गच होता.

तरीही ‘जे. जे. म्हणजे इंग्रजी वास्तववादाची घोटाई’ हे चित्र जुजबी आहे. संचालक ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी एकीकडे नग्न मॉडेल समोर बसवून अभ्यास करण्याचा वर्ग सुरू केला आणि दुसरीकडे भित्तिचित्रांचा वर्ग काढून भारतीय अलंकरणाला अभ्यासक्रमात स्थान दिले. त्या वर्गाच्या विद्यार्थ्यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या दालनात चित्रे रंगवली. सॉलोमन यांचा दृष्टिकोन साम्राज्याच्या चौकटीतला होता आणि बंगालच्या कलावंतांशी त्यांचा वाद सतत चाले, हे मान्य करूनही या वर्गाचे महत्त्व उरते. त्यांच्यानंतर आलेल्या चार्ल्स जेरार्ड यांनी आधुनिक चित्रकलेकडे शाळेची खिडकी उघडली.

मात्र माझ्या मते खरा धागा तिसराच आहे, आणि याद्यांत तो दिसतच नाही. ब्रजभूमीतून आलेले जगन्नाथ अहिवासी जे. जे.त भारतीय पद्धतीच्या चित्रकलेचा वर्ग घेत. सपाट रंग, वळणदार रेषा, लघुचित्रांतील जागेची मांडणी हे सारे तिथे हाताने गिरवून शिकवले जाई. त्यांच्या हाताखाली शंकर पळशीकर तयार झाले. पळशीकर पुढे तिथेच शिक्षक आणि नंतर अधिष्ठाता झाले, आणि चित्र म्हणजे काय यावर विद्यार्थ्यांशी तासन्‌तास बोलणारे गुरू म्हणून त्यांची ख्याती झाली. आपल्या नागपुरात 1924 साली जन्मलेले, मूळ गोमंतकीय कुटुंबातील वासुदेव गायतोंडे 1948 साली जे. जे.तून पदविका घेऊन बाहेर पडले ते याच वातावरणातून, आणि त्यांची आरंभीची चित्रे लघुचित्रांच्या रेषेला किती जवळची आहेत हे पाहिल्यावर त्यांच्या नंतरच्या आकृतिविरहित चित्रांतील रंगाचे थर आणि मोकळी जागा एकाएकी अवतरलेली वाटत नाहीत. ते 1950 साली प्रोग्रेसिव्ह गटात आले, पण बंडखोर म्हणून त्यांची ओळख करून देणे मला अडचणीचे वाटते.

तय्यब मेहता आणि अकबर पदमसी हे त्यांच्यामागून तिथून बाहेर पडले, आणि ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठीत चित्रनिर्मितीविषयी झालेले अत्यंत मोलाचे लेखन करणारे प्रभाकर बरवे 1959 साली. अंजेलो द फोन्सेका यांची गोष्ट याच्या उलट आहे. हे गोमंतकीय चित्रकार जे. जे.त रमले नाहीत, शांतिनिकेतनात गेले आणि शेवटी पुण्यात स्थिरावले. साडी नेसलेली मेरी रंगवणाऱ्या या माणसाचे श्रेय शाळेने न घेतलेलेच बरे.

प्रश्न : या सर्व कथेत स्त्रिया कुठे आहेत? आणि ज्यांची नावे तुम्ही घेता, त्यांचे काम सामान्य माणसाने मुंबईबाहेर कुठे पाहावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर थोडे खेदाचे आहे. मुली उशिरा आल्या आणि ज्या आल्या त्यांत शिक्षकांच्या मुली ठळकपणे दिसतात: धुरंधरांच्या कन्या अंबिका यांनी 1931 साली पदविका घेतली आणि त्रिंदाद यांच्या कन्या अँजेला याही तिथेच शिकल्या. घरात चित्रकार नसलेल्या मुलीला ते दार किती जड होते, हे यावरून कळते. त्या दारातून आत गेलेल्या होमाई व्यारावाला देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार झाल्या. त्यांच्या आरंभीच्या मुंबईच्या छायाचित्रांत जे. जे.तील मैत्रिणी आणि तिथले दिवस दिसतात. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथैया, यांनी तिथे सुवर्णपदक मिळवले, चित्रकार म्हणून आरंभ केला आणि नंतर चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या. ‘गांधी’ चित्रपटासाठी 1983 साली त्यांना मिळालेले ऑस्कर हे कोणाही भारतीयाला मिळालेले पहिले. त्यांच्या कामाचे मूळ वर्गातील रेखाटनाच्या सवयीत होते, हे त्यांची वेशभूषेची रेखाटने पाहिली की पटते.

दुसऱ्या भागासाठी आपल्याला पुण्याबाहेरही जावे लागणार नाही. शिवाजीनगरच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधील 1928 सालचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा विनायक पांडुरंग करमरकरांचा आहे. अलिबागजवळच्या सासवण्याचा हा मुलगा गावच्या देवळाच्या भिंतीवर चित्रे काढताना जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी त्याला जे. जे.त पोचवले, धुरंधरांकडून ग्रंथासाठी चित्रे काढून घेणारे रॉथफील्ड ते हेच. सासवण्याला करमरकरांच्या घरीच त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे आणि तिथली गावकऱ्यांची, गुराढोरांची सिमेंटमधली शिल्पे मला त्यांच्या सरकारी पुतळ्यांपेक्षा कितीतरी सरस वाटतात. पुण्यातच बालगंधर्व रंगमंदिरात बालगंधर्वांची पुरुषवेशातील आणि स्त्रीभूमिकेतील जी दोन पूर्णाकृती चित्रे आहेत, ती गोपाळ देऊसकरांची. नाटकाला जाणारे लोक त्यांच्यासमोरून जातात आणि खाली सही वाचत नाहीत. साताऱ्याकडे गेलात तर औंधच्या श्री भवानी संग्रहालयात धुरंधरांची चित्रे आहेत. शिर्डीच्या समाधी मंदिरातील 1954 साली बसवलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांची आहे, आणि तेही जे. जे.चेच.

गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’साठी मात्र मुंबई गाठावी लागेल. 1896 साली विद्यार्थिदशेत प्लॅस्टरमध्ये केलेल्या या शिल्पाने त्या वेळी इतके कुतूहल निर्माण केले की रवींद्रनाथांनी त्यावर बंगालीत निबंध लिहिला. शाळेच्या संग्रहातील कामे प्रदर्शनांच्या निमित्तानेच पाहायला मिळतात, त्यामुळे जाण्यापूर्वी चौकशी करून जाणे सोयीचे पडेल.