‘स्टुडंट अफेअर्स’ची नोकरी घेऊ का?

प्रश्न : मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या सत्राला आहे. गाव लातूर जिल्ह्यात. फील्डवर्कसाठी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात होते आणि ते काम मनापासून आवडलं. आता पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात ‘स्टुडंट अफेअर्स एक्झिक्युटिव्ह’ म्हणून ११ महिन्यांच्या करारावर घेतायत. बाबा म्हणतात, गॅदरिंगचे मांडव घालायला पोरीला एवढं शिकवलं का? अमेरिकेत असलेला आतेभाऊ म्हणतो, इकडे याच विषयात मास्टर्स करतात, कर्ज काढ आणि ये. या कामात पुढे काही आहे का? आणि ते नीट शिकायचं कुठे?

उत्तर : तुझ्या बाबांची शंका रास्त आहे. या पदाच्या नावाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळी कामं चालतात. एकात फ्लेक्स, पाहुण्यांची गाडी, शाल-श्रीफळ, फोटो आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायलीसाठी अहवाल. दुसऱ्यात, मुलं पहिल्या वर्षाला आल्यापासून पदवी हातात पडेपर्यंत कुठे अडतात आणि का अडतात, हे बघायचं असतं. दुसरं काम मिळत असेल तर जरूर घे. नुसतं पहिलंच असेल, तर पगार चार पैसे जास्त असला तरी घेऊ नकोस.

दुसरं काम कसं असतं ते बघ. परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस येतात आणि एखादा मुलगा वर्गात यायचा बंद होतो. हजेरीपटावर ‘अनियमित’ असा शेरा पडतो. त्याच्या खोलीवर जाऊन अर्धा तास बसलं की मग कळतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनलाच पडून आहे, किंवा मंजूर झालाय पण ज्या बँक खात्याला आधार जोडलंय ते खातंच बंद पडलंय. फी बाकी म्हणून कार्यालय हॉल तिकीट देत नाही, आणि घरी फोन करून सांगायची त्याला लाज वाटते. इथे समुपदेशन नंतर. आधी स्कॉलरशिपच्या क्लार्कसमोर उभं राहून अर्ज पुढे सरकवायचा, मुलाला बँकेत पाठवून आधार सीडिंग (चालू खात्याला आधार जोडणं) करून घ्यायचं आणि हमीपत्रावर हॉल तिकीट द्या म्हणून प्राचार्यांची सही मिळवायची. मांडव घालण्याचं काम आणि हे काम यात किती फरक आहे, हे बाबांना असं एक उदाहरण सांगितलंस की पटेल.

म्हणून शिकण्याची सुरुवात मी शासन निर्णयांपासून करायला सांगेन. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. तू जिथे चालली आहेस, तिथे ‘मुलींना फी माफ आहे ना?’ असं विचारत पालक येतील, आणि प्रवेश घेण्याआधी त्यांना खरं सांगणारं कुणीतरी तिथे असायला हवं. स्वाधार योजना, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती यांच्या अटीही अशाच बारकाईने वाच.

त्याच्या जोडीला कायदा. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) रॅगिंगविरोधी विनियम २००९ चे आहेत, लैंगिक छळाबाबतचे २०१५ चे आणि तक्रार निवारणाचे २०२३ चे. तिन्ही मुळातून वाच, गाइडवर जाऊ नकोस. मुलगी रात्री अकराला दारात येऊन रडायला लागते, तेव्हा काय लिहून घ्यायचं, कुणाला कळवायचं आणि कुणाला मुळीच कळवायचं नाही, हे आधीच पक्कं ठाऊक असावं लागतं. त्या वेळी पुस्तक उघडून बघता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी निर्देश दिले. त्यानुसार १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. शिवाय शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे : मानसिक प्रथमोपचार, धोक्याची लक्षणं ओळखणं, स्वतःला इजा करू पाहणाऱ्या मुलाशी कसं वागायचं, पुढे कुणाकडे पाठवायचं. म्हणजे तुझी पदवी आता संस्थेच्या गरजेची आहे. मुलाखतीत हे नम्रपणे पण स्पष्ट बोलून दाखव.

मानसिक प्रथमोपचारावर जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची पुस्तिका मोफत मिळते. पाहा, ऐका, जोडून द्या, एवढ्या तीन गोष्टींवर ती उभी आहे. तुझ्यासारख्या नव्या मुलींना तिसरी गोष्ट सगळ्यात जड जाते, कारण प्रत्येकीला वाटतं की मीच हिला सावरेन. तसं करू नकोस. जवळचं रुग्णालय, मानसोपचारतज्ज्ञ आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे क्रमांक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लाव आणि वेळेत पुढे पाठवायला शिक.

कार्यक्रमांचंही शास्त्र आहे. तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) इंडक्शन कार्यक्रमात, म्हणजे नव्या मुलांना कॉलेजात रुळवण्याच्या कार्यक्रमात, तीन आठवडे आणि साधारण वीस मुलांमागे एक मार्गदर्शक शिक्षक अशी कल्पना आहे. यूजीसीचं ‘दीक्षारंभ’ (२०१९) त्याच वाटेने जातं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी सभागृहात एक दिवस भाषणं होतात आणि विषय संपतो. तू प्रत्येक कार्यक्रमाआधी एक ओळ लिही : हा संपल्यावर मुलांना काय करता यायला हवं? ‘शिष्यवृत्ती जनजागृती’ असं लिहू नकोस. ‘प्रत्येकीने स्वतःचा अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते मोबाईलवर बघितलं’ असं लिही. मग तो कार्यक्रम सकाळी अकराला सेमिनार हॉलमध्ये न घेता रात्री जेवणानंतर मेसमध्येच घ्यायचा, हे आपोआप सुचतं. आणि कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही त्याची यादी कर, कारण खरी गरज बहुधा त्या यादीतच असते.

आता आतेभाऊ म्हणतो त्याबद्दल. अमेरिकेत हा जुना, रुजलेला व्यवसाय आहे. नॅस्पा ही संघटना १९१९ पासूनची, एसीपीए १९२४ पासूनची. वसतिगृहं, नव्या मुलांचं स्वागत, शैक्षणिक सल्ला, परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय अशा कामांसाठी तिथे बऱ्याचदा या विषयात मास्टर्स केलेली माणसं घेतात. दोन्ही संघटनांनी मिळून २०१५ मध्ये या कामाला लागणाऱ्या क्षमतांची दहा क्षेत्रं ठरवली, प्रत्येकाच्या पायरीवार तीन पातळ्या सांगितल्या. तो दस्तऐवज मोफत आहे. उतरवून घे आणि दर सहा महिन्यांनी स्वतःला त्यावर तपासून बघ. कायद्याचा भाग तेवढा आपला घाल.

पण कर्ज काढून आत्ता जाऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. उच्च शिक्षण प्रशासनाच्या मास्टर्सनंतर साधारणपणे बाराच महिने काम करायची परवानगी मिळते, तंत्रज्ञानाच्या मुलांसारखी वाढीव दोन वर्षं मिळत नाहीत. तेवढ्यात कर्ज फिटत नाही. दोन-तीन वर्षं इथे काम कर. मग फी माफी आणि विद्यावेतन देणारी असिस्टंटशिप (विद्यापीठातच अर्धवेळ काम) मिळाली तरच जा. ती मिळवताना तुझा इथला अनुभव उपयोगी पडेल.

इथे पुढे काय, तर हे लपवून चालणार नाही की कायम पदं थोडी आहेत. अनुदानित कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी किंवा एनएसएस कार्यक्रम अधिकारी हा प्राध्यापकाकडे दिलेला जादा कार्यभार असतो. त्यामुळे समाजकार्य विषयातून नेट (प्राध्यापक पदासाठीची पात्रता परीक्षा) द्यायची तयारी आत्तापासून ठेव, ती पास झालीस की शिकवण्याचं आणि या कामाचं अशी दोन्ही दारं उघडी राहतात. समाजकल्याण विभागाच्या गृहपाल पदाच्या जाहिरातींवरही लक्ष असू दे.

करारावर सही करण्याआधी विद्यापीठाला चार गोष्टी ईमेलवर विचार. माझी वरिष्ठ व्यक्ती कोण आणि ती समुपदेशन किंवा समाजकार्य शिकलेली आहे का? किती विद्यार्थी माझ्याकडे असतील? रात्री फोन आला तर माझ्याबरोबर दुसरं कोण येईल? प्रशिक्षणासाठी वर्षाला किती दिवस आणि किती पैसे? तोंडी ‘हो हो, बघू’ चालणार नाही. उत्तरं लेखी आली की ती बाबांना दाखव, दोघं मिळून वाचा आणि मग ठरव.