नुसतं पळून पोट जाईल पण दंडही जातील

अरे भावा, रोज ठाण्यात उपवन तलावाला तासभर पळतोस आणि रात्री फक्त काकडी-टोमॅटो खातोस, म्हणून वजन उतरतंय, पण त्यात मसलही जातोय, शर्टच्या बाह्या सैल झाल्यात बघ. मी पण पहिल्या वर्षी हेच केलं, येऊरच्या डोंगराचा चढ रोज, जेवण अर्धं, आणि शेवटी साधे पुशअप्सही निघेनात.

आधी वेट्स, आठवड्यातून ३ दिवस तरी, आणि वजन कमी करतोयस म्हणून डंबेल हलके करू नकोस, शरीराला कळलं पाहिजे की हा मसल अजून लागतोय. कार्डिओ ३-४ वेळा, ३० मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल इतकाच दम लागू दे. खाणं रोजच्या गरजेपेक्षा ३००-५०० कॅलरीच कमी, त्याहून जास्त नको.

आणि प्रोटीन! वजनाच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला ११२. एका अंड्यात ६च येतं, वाटीभर वरणात त्याच्याच आसपास, त्यामुळे वरण-भातावर भागत नाही रे. ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून, घट्ट पिळून कांद्या-मसाल्यात परतून घे, २५ ग्रॅम प्रोटीन तिथेच मिळतं आणि स्वस्तही पडतं. भाकरी सोडू नकोस. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार.

वजन रोज बघून घाबरू नकोस, दर रविवारी सकाळी कमरेला टेप लाव.