जुना भोंगा (सायरन) गुणगुणतो पण फिरत नाही, दुरुस्त होईल का?

होईल, भंगारात अजिबात देऊ नका. नगरपालिकेच्या गच्चीवरचे असे भोंगे साधे असतात: मोटर आणि तिच्या दांड्यावर खाचांचा रोटर. १० खाचा आणि मिनिटाला २,८८० फेरे असतील तर सूर ४८० हर्ट्झचा.

आधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मगच रोटर हाताने फिरवा. जाम असेल तर बहुतेक वेळा गंज, कबुतराचं घरटं किंवा बेअरिंगमधलं दगडासारखं झालेलं ग्रीस सापडतं. हातोडा मारू नका. रोटर आणि भोवतालच्या कड्यातली फट अगदी बारीक असते, रोटर जरा वाकला तरी घासतो. गंजावर तेल सोडून रात्रभर थांबा, बेअरिंग नवीनच टाका.

रोटर मोकळा फिरत असेल तर मोटरला येणाऱ्या तीनपैकी एक फेज (विजेची तार) गेलेला असू शकतो. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांचं, इन्सुलेशन तपासा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर उघडून सुकवा, तरीही रीडिंग चढलं नाही तर रिवाइंडिंग, म्हणजे नवी तार गुंडाळून घ्या.

चाचणीआधी पोलिसांना आणि गावाला कळवाच. वरखाली होणारा सूर म्हणजे हल्ल्याचा इशारा, एकसारखा म्हणजे धोका टळला. कानात बोळे घाला.