ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ॲसिटिलीन निघाले आहे, तेल लगेच फिल्टर करून घ्यावे का?

नाही. आधी दुसरे सॅम्पल घ्या, फिल्टरचे नंतर बघू.

तुमच्या प्रश्नातले आकडे समोर ठेवून सांगतो. ट्रान्सफॉर्मर 10 एमव्हीए, 33/11 केव्ही, ओएलटीसीचा (लोड चालू असतानाच टॅप, म्हणजे व्होल्टेजची पायरी, बदलणारी यंत्रणा). डीजीए अहवालात (तेलात विरघळलेल्या वायूंची चाचणी) ॲसिटिलीन 20 पीपीएम, हायड्रोजन 6, इथिलीन 9. बीडीव्ही, म्हणजे तेलाचा ब्रेकडाऊन व्होल्टेज, 58 केव्ही. लोड नेहमीसारखा, आणि फिल्टर करणारी एजन्सी म्हणते उद्याच मशीन लावू.

फिल्ट्रेशनचे मशीन तेल तापवून व्हॅक्यूममध्ये सोडते. त्यात पाण्याबरोबर विरघळलेले वायूही निघून जातात. दुसऱ्या दिवशीचा अहवाल स्वच्छ येतो आणि आतला दोष आहे तिथेच राहतो. चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आत घर झाडून पुसून घेण्यासारखेच हे आहे. टेस्टिंगच्या नोकरीत मी हे होताना पाहिले आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगतो.

बीडीव्ही चांगला आला म्हणूनही निर्धास्त राहू नका. त्या चाचणीत 2.5 मिमी अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये तेल किती विद्युत दाब सहन करते ते बघतात. तेलातला ओलावा, तंतू, कचरा त्यात कळतो. विरघळलेल्या वायूंबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही.

आता ॲसिटिलीनकडे वळू. तेल साधे तापले तर मिथेन, इथेन निघतात. ताप वाढत गेला की इथिलीन वाढते. ॲसिटिलीन भरपूर प्रमाणात व्हायला साधारण 800 अंशांच्या वरचे तापमान लागते, आणि टाकीतले वरचे तेल भर उन्हाळ्यातही 70-80 अंशांच्या आसपास असते. म्हणजे कुठेतरी ठिणगी पडते आहे किंवा पडून गेली आहे. प्रश्न एवढाच की कुठे.

ओएलटीसीच्या डायव्हर्टर स्विचमध्ये टॅप बदलताना दर वेळी ठिणगी पडते, ते त्याचे कामच आहे. त्याचे तेल मुख्य टाकीपासून वेगळे असते. मधले सील किंवा बॅरियर बोर्ड गळू लागला, किंवा दोन्हींच्या कॉन्झर्व्हेटरना (वरच्या तेलाच्या छोट्या टाक्या) एकच ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) असला, तर तिकडचे वायू इकडे येतात. आयईसी 60599 हे डीजीएचे अर्थ लावण्याचे आंतरराष्ट्रीय मानक म्हणते की मुख्य टाकीत ॲसिटिलीन हायड्रोजनच्या 2 ते 3 पटींहून जास्त असेल तर ओएलटीसीतून शिरकाव झाल्याचा संशय घ्यावा. तुमच्याकडे ते तिपटीहून जास्त आहे. तेव्हा ओएलटीसीच्या कॉन्झर्व्हेटरमधली तेलाची पातळी बघा. तेल न घालता ती चढत असेल तर गळती जवळजवळ नक्की समजा. टाकीवर मध्यंतरी वेल्डिंग झाले होते का, तेही विचारून घ्या. त्यानेही तेलात ॲसिटिलीन येते.

पण इथे एक मोठी अडचण आहे. हायड्रोजन सगळ्यात आधी निसटतो. सॅम्पल प्लास्टिकच्या बाटलीतून गेले असेल, किंवा लॅबमध्ये आठवडाभर पडून राहिले असेल, तर तो 6 चा आकडा खोटा आहे आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून दुसरे सॅम्पल नीट घ्या. काचेची सिरिंज आणि तीन-मार्गी कॉक हवा. खालच्या व्हॉल्व्हमधून आधी एक-दोन लिटर तेल वाहू द्या. सिरिंजमध्ये बुडबुडा राहता कामा नये. पावसात घेऊ नका. काळ्या पिशवीत गुंडाळून त्याच दिवशी लॅबकडे पाठवा, आणि लेबलवर तेलाचे तापमान व लोड लिहा.

त्यात ॲसिटिलीन तेवढेच निघाले तर घाबरू नका, दर महिन्याला बघत राहा आणि पुढच्या शटडाऊनमध्ये ओएलटीसीचे सील तपासा. हायड्रोजन, इथिलीन आणि ॲसिटिलीन तिन्ही चढलेले दिसले तर मात्र वाट बघू नका, ट्रान्सफॉर्मर सेवेतून बाहेर काढा. प्रत्येक टॅपवर वाइंडिंग (तारांची गुंडाळी) रेझिस्टन्स, रेशो, मॅग्नेटायझिंग करंट, शक्य असेल तर एसएफआरए (वाइंडिंग जागची हलली का ते दाखवणारी चाचणी) करून घ्या. टॅप सिलेक्टरचा ढिला संपर्क बऱ्याचदा वाइंडिंग रेझिस्टन्समध्येच सापडतो.

मधल्या काळात बुकोल्झने (टाकीतून वर येणारा वायू पकडणारा रिले) अलार्म दिला तर गांभीर्याने घ्या, आणि ट्रिप दिला तर कारण सापडेपर्यंत चार्ज करू नका, उत्पादन कितीही अडले तरी. पुन्हा चार्ज करून टाकी फुटण्याचा, आग लागण्याचा धोका असतो आणि जवळ आपलीच माणसे उभी असतात. बुकोल्झमध्ये जमलेला वायू पेट घेतो, त्याला काडी लावून बघण्याची जुनी सवय कोणाला असेल तर थांबवा.

अहवालात कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडचेही आकडे असतील, ते तुम्ही दिलेले नाहीत. डायऑक्साइड मोनॉक्साइडच्या तिपटीहून कमी असेल तर दोषाची झळ कागदी इन्सुलेशनला लागली असण्याची शक्यता असते. तसे असेल तर फ्युरान चाचणीही (कागद किती झिजला ते तेलावरून सांगणारी) सांगा. तेल बदलता येते, वाइंडिंगवरचा कागद जागेवर बदलता येत नाही.

ते दोन आकडे, ओएलटीसीच्या काउंटरचे रीडिंग आणि मागचा एखादा डीजीए अहवाल सापडला तर तो, एवढे इथे टाका. मागचा अहवाल असला तर ॲसिटिलीन कधीपासून आहे ते कळेल, मग मला जास्त नेमके सांगता येईल.