मुलांना एखादे खंड घरी, हाताने करून कसे शिकवावे? सुरुवात अंटार्क्टिकापासून करा

आठ आणि अकरा वर्षांची आपली मुले घरीच शिकतात, नकाशे रंगवणे आणि राजधान्या पाठ करणे यांचा त्यांना कंटाळा आला आहे, तेव्हा एखादे खंड प्रत्यक्ष कृतींमधून शिकवता येईल का, असे आपण विचारले आहे. मीही माझ्या मुलांना घरीच शिकवते आणि माझे उत्तर असे आहे की नक्की शिकवता येते. मात्र त्यासाठी पहिले खंड अंटार्क्टिका निवडावे. इतर खंडांच्या बाबतीत आपण पालक फार लवकर खाद्यपदार्थ, पोशाख आणि झेंडे यांच्याकडे वळतो. दिवस मजेत जातो, पण त्या भूमीबद्दल मुलाला नवे काही कळतेच असे नाही. अंटार्क्टिकावर कायमची मानवी वस्ती नाही, राजधानी नाही आणि सणही नाहीत. त्यामुळे तेथे बर्फ, प्रकाश, वारा आणि प्राणी यांनाच सामोरे जावे लागते, आणि या गोष्टी पाहण्यासाठी लागणारे साहित्य बहुतेक घरांत असते. कापसाचे पेंग्विन चिकटवण्याला माझा विरोध नाही, पण तो खेळ आहे आणि त्याला अभ्यास समजू नये.

एक शिस्त मात्र पहिल्यापासून पाळावी. प्रत्येक कृतीच्या आधी मुलांनी आपला अंदाज वहीत लिहायचा, आणि कृती झाल्यावर जे दिसले ते त्याच्या खाली लिहायचे. अंदाज चुकला तरी तो खोडायचा नाही.

सुरुवात पृथ्वीगोलापासून करावी, भिंतीवरच्या नकाशापासून नव्हे, कारण त्या नकाशावर अंटार्क्टिका म्हणजे तळाशी ताणलेली एक पांढरी पट्टी दिसते. पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून भारताची आकृती गिरवावी, ती कापून घ्यावी आणि गोल उलटा धरून अंटार्क्टिकावर पुन्हा पुन्हा ठेवून पाहावी. हे खंड सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे भारताच्या चौपटीहून मोठे आहे, हे मुलांना स्वतःच्या हातांनी मोजून कळते. त्यानंतर एका लांब कागदी पट्टीवर १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर असे प्रमाण धरून कळसूबाईचे शिखर (१,६४६ मीटर) आणि अंटार्क्टिकावरील बर्फाची सरासरी जाडी (सुमारे २ किलोमीटर) शेजारी शेजारी काढायला सांगावे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर त्या बर्फात पूर्ण बुडते आणि वर आणखी बर्फ उरतो. काही ठिकाणी ही जाडी साडेचार किलोमीटरच्याही पुढे जाते. त्यासाठी पट्टीला कागद जोडावा लागतो, आणि हा जोड मुलांच्या चांगला लक्षात राहतो.

आता ज्या कृतीला सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मला वाटते, तिच्याकडे वळते. सारख्या आकाराचे दोन पारदर्शक डबे घ्यावेत. एका डब्यात स्टीलची मोठी वाटी उपडी ठेवावी किंवा सपाट दगड ठेवावा आणि त्याचा माथा उघडा राहील इतकेच पाणी घालावे. दुसऱ्या डब्यात नुसते पाणी घ्यावे. मग दोन्ही डब्यांसाठी बर्फाचे सारखेच खडे मोजून घ्यावेत; पहिल्यात ते दगडावर रचावेत, पाण्याला टेकू देऊ नयेत, आणि दुसऱ्यात पाण्यात सोडावेत. बर्फ ठेवल्यावर लगेच दोन्ही डब्यांवर पाण्याच्या पातळीची रेघ मारावी. दोन्हीकडे पाणी चढेल, असा अंदाज बहुतेक मुले लिहितात. बर्फ वितळून संपल्यावर दगडाच्या डब्यात पाणी रेघेच्या स्पष्ट वर आलेले असते, तर तरंगत्या बर्फाच्या डब्यात ते रेघेवरच राहते. तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते, म्हणून वितळल्यावर तो पातळीत भर घालत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला येथे आर्किमिडीजचे तत्त्व समजावता येते. आठ वर्षांच्या मुलीला दोन रेघांमधला फरक दिसला तरी तेवढे पुरे.

या प्रयोगामुळे अंटार्क्टिका आणि उत्तर ध्रुवाचा प्रदेश यांच्यातील भेदही आपोआप पुढे येतो. उत्तर ध्रुवाभोवती समुद्र आहे आणि तेथील बर्फ मुख्यतः तरंगता आहे; दक्षिण ध्रुवाभोवती जमीन आहे आणि तिच्यावर बर्फाचा प्रचंड थर आहे. हा सगळा थर वितळला तर जगभरातील समुद्राची पातळी सुमारे ५८ मीटरने वाढेल. इतके होण्यास अनेक शतके किंवा सहस्रके लागतील, हेही त्याच वेळी सांगावे, कारण मुले अशा आकड्यांनी घाबरतात आणि घाबरलेले मूल प्रश्न विचारत नाही.

मोठ्या मुलाने पुढचा प्रश्न हमखास विचारावा असा आहे: तरंगता बर्फ वितळून पातळी वाढत नसेल, तर अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील तरंगत्या हिमफळ्या, म्हणजे जमिनीवरून समुद्रावर सरकून आलेले बर्फाचे जाड थर, तुटल्याची शास्त्रज्ञांना चिंता का वाटते? याचे उत्तर काकवीने देता येते. ताट थोडे तिरपे ठेवून वरच्या बाजूला काकवी ओतावी आणि खाली तिच्या वाटेत लाकडी पट्टी आडवी धरावी. काकवी पट्टीपाशी साचते आणि तिचा वेग मंदावतो. पट्टी काढली की ती पुन्हा वाहू लागते. जमिनीवरचा बर्फही असाच स्वतःच्या वजनाने हळूहळू किनाऱ्याकडे सरकत असतो आणि हिमफळी त्याला थोपवून धरते. घट्ट काकवी घेतल्यास फरक अधिक स्पष्ट दिसतो.

प्राण्यांच्या बाबतीत एक कृती सर्वत्र सांगितली जाते: दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या मध्ये वनस्पती तूप भरून हातमोजा करायचा आणि तो हात बर्फाच्या पाण्यात घालायचा. ती जरूर करावी, पण तिचे नाव बरोबर द्यावे. हे सील आणि देवमासा यांच्या कातडीखालच्या चरबीचे उदाहरण आहे. पेंग्विनच्या अंगावरही चरबी असते, पण थंडीपासून त्याचे मुख्य संरक्षण दाट, एकमेकांवर बसलेल्या पिसांनी होते. पाण्यात मीठ घालू नये, कारण मीठ घातलेले बर्फाचे पाणी शून्याच्याही खाली जाते आणि उघड्या हाताला इजा होऊ शकते.

पेंग्विनसाठी मला याहून चांगली कृती बाटल्यांची वाटते. औषधाच्या सारख्या आकाराच्या आठ रिकाम्या काचेच्या बाटल्या धुऊन घ्याव्यात. मोठ्या माणसाने त्यांत सारखेच गरम, पण उकळते नव्हे असे पाणी भरावे. एक बाटली मध्ये, तिच्याभोवती सहा, असा सात बाटल्यांचा जुडगा रबरबँडने बांधावा आणि आठवी बाटली दूर एकटी ठेवावी. दर पाच मिनिटांनी एकटी बाटली, जुडग्याच्या कडेची एक आणि मधली एक अशा तिन्हींचे तापमान नोंदवावे. ताप मोजण्याचा थर्मामीटर येथे चालत नाही. शास्त्रीय उपकरणांच्या दुकानात मिळणारा, १०० अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर घ्यावा. तिन्ही नोंदींचा आलेख एकाच कागदावर काढला की एकट्या बाटलीची रेघ झपाट्याने खाली येते, मधलीची सर्वांत सावकाश उतरते आणि कडेचीची दोघींच्या मध्ये राहते. आता मुलांना सांगावे की सम्राट पेंग्विनचा नर ऐन हिवाळ्यात, अंधारात, सुमारे दोन महिने पायांवर अंडे सांभाळत उभा असतो, त्या काळात काही खात नाही आणि शेकडो नर एकमेकांना चिकटून उभे राहतात. मग कडेला उभ्या असलेल्यांचे काय, असे मुले विचारतात. तो कळप सतत हळूहळू हलत राहतो, त्यामुळे कडेचे आत येतात आणि आतले कडेला जातात. बाटल्यांच्या जागा मध्येच बदलून हेही करून पाहता येते.

दिवस आणि रात्रीसाठी अंधाऱ्या खोलीत पृथ्वीगोल आणि टॉर्च एवढे पुरे आहे. अंटार्क्टिकावरील आपल्या 'मैत्री' या भारतीय संशोधन केंद्राच्या जागी, म्हणजे सुमारे ७१ अंश दक्षिण अक्षांशावर, टिकली चिकटवावी. दक्षिण ध्रुव टॉर्चपासून दूर कललेला ठेवून गोल फिरवला की टिकली पूर्ण फेरीभर अंधारातच राहते. तेथे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही.

'मैत्री'चा विषय निघाला की भारताच्या मोहिमांची गोष्ट सांगावी, कारण तिचा धागा आपल्या किनाऱ्याशी जोडलेला आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकावर पोहोचली. या मोहिमांचे काम पाहणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आजही वास्कोला आहे. 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले केंद्र हिमफळीवर उभारले होते; ते हळूहळू बर्फाखाली गाडले गेले आणि सोडावे लागले. 'मैत्री' १९८९ मध्ये खडकाळ जमिनीवर उभे राहिले आणि २०१२ मध्ये सुरू झालेले 'भारती' खांबांवर उचललेले आहे. खांब कशासाठी, हे परातीत कळते. परातीत रवा पसरावा, एक काडेपेटी थेट त्यावर ठेवावी आणि दुसरी चार टाचण्यांच्या पायांवर उभी करावी, मग एका बाजूने पुठ्ठ्याने वारा घालावा. जमिनीवरच्या काडेपेटीला टेकून रव्याचा ढीग साचतो. उचललेल्या काडेपेटीखालून बराचसा रवा निघून जातो. घर झाडावे लागते, पण ही कृती मुले पुन्हा मागतात.

खंड एकेकाळी जोडलेली होती, हे शिकवण्यासाठी गोंडवन या प्राचीन महाखंडातील भूखंडांच्या आकृत्या पुठ्ठ्यातून कापून जुळवाव्यात. भारताची पूर्व किनारपट्टी अंटार्क्टिकाला लागून होती. मुले सह्याद्रीचा काळा दगड घेऊन येतील, पण तो उपयोगी नाही, कारण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे भारत अंटार्क्टिकापासून वेगळा झाल्यानंतरचा आहे. आपला खरा पुरावा विदर्भात आहे. चंद्रपूर-वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना ब्रिटिश शोधप्रवासी रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे सोबती मरण पावले, तेव्हा त्यांच्याजवळ सापडलेल्या सुमारे १६ किलो दगडांमध्ये याच वनस्पतीचे जीवाश्म होते. थकून गेलेल्या माणसांनी ते ओझे अखेरपर्यंत टाकले नाही, ही गोष्ट मुले फार लक्ष देऊन ऐकतात. ओल्या शाडूच्या मातीवर जिभेच्या आकाराचे, मधोमध ठळक शीर असलेले पान दाबून असा ठसा घरी करता येतो. आंब्याचे कोवळे पान त्याला बऱ्यापैकी जवळचे आहे.

अकरा वर्षांच्या मुलासाठी एक कृती बोलण्याची आहे. आसपासच्या मुलांना बोलवावे आणि कागदाच्या वर्तुळावर खंड काढून सात देशांनी सांगितलेले हक्क ध्रुवाकडे निमुळत्या होणाऱ्या फाकांसारखे दाखवावेत. ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांचे हक्क एकमेकांवर चढतात आणि एक मोठी फाक कोणाचीच नाही. आता भांडण न करता सर्वांना काम करता येईल असे नियम मुलांनी स्वतः लिहावेत आणि त्यानंतरच त्यांना १९५९ च्या अंटार्क्टिक करारातील मुद्दे दाखवावेत. त्या वेळी १२ देशांनी सही केली. भारत १९८३ मध्ये सहभागी झाला. लष्करी तळ नकोत, संशोधन सर्वांना खुले असावे आणि जुने हक्क ना मान्य करायचे ना फेटाळायचे, असे त्यात ठरले. पुढे १९९१ च्या करारनाम्याने खनिजे काढण्यास बंदी घातली आणि बाहेरून आणलेल्या कुत्र्यांनाही १९९४ पर्यंत खंडाबाहेर न्यावे लागले. कुत्र्यांचे कलम मुलांना अन्यायाचे वाटते आणि त्यावर खरा वाद होतो. कुत्र्यांचे आजार सीलना होण्याची भीती होती, हे कारण वाद रंगल्यावर सांगावे.

हिमगाभ्याची, म्हणजे बर्फात खोल खणून काढलेल्या थराथराच्या लांब दांड्याची, कृती वर्णनात शेवटी आली तरी सर्वांत आधी सुरू करावी, कारण तिला बरेच दिवस लागतात. उंच प्लॅस्टिकच्या बाटलीचे तोंड कापून फ्रीजरमध्ये रोज बोटभर पाण्याचा थर गोठवावा; एखाद्या थरात चिमूटभर राख, एखाद्यात लाल माती घालावी आणि एखादा थर दुप्पट जाडीचा ठेवावा. हे एका मुलाने दुसऱ्याला न दाखवता करावे. मग बाटली मोठ्या माणसाने कापावी आणि दुसऱ्या मुलाने भिंग घेऊन खालून वर वाचत जावे: ज्वालामुखी केव्हा झाला, धूळ केव्हा उडाली, जास्त हिमवर्षाव कोणत्या वर्षी झाला. खऱ्या हिमगाभ्यात याखेरीज जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात आणि अंटार्क्टिकावर तीन किलोमीटरहून खोल खणून काढलेल्या अशा गाभ्यातून ८ लाख वर्षांपूर्वीपर्यंतची हवा तपासली गेली आहे. फ्रीजरमधील बर्फाचे बुडबुडे मात्र पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात, हे भिंगातून बघतानाच सांगून टाकावे. बाटली फ्रीजरमध्ये उभी राहील इतकी जागा आजच करून ठेवा, आणि पहिला थर पूर्ण गोठल्याशिवाय दुसरा ओतू नका. नाहीतर राख खाली उतरते आणि दोन वर्षे एकमेकांत मिसळतात.