रोज पाणी घालूनही रोझमेरी का वाळते? आणि स्वयंपाकात ती कशी वापरायची?

तुम्ही लिहिलंय की दोनदा रोप आणलं, रोज न चुकता पाणी घातलं आणि दोन्ही वेळा महिन्याभरात ते वाळलं. बहुधा तुमच्या त्या 'रोज न चुकता'नेच घात केलाय. माझीही पहिली दोन रोपं मी अशीच लाडानं मारली.

फसायला होतं ते असं: मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत. त्यामुळे बुडालेलं रोप अगदी तहानलेल्या रोपासारखं दिसतं, शेंडे तपकिरी पडतात, पानं गळतात. मग आपण घाबरून आणखी पाणी ओततो, आणि तिथंच खेळ संपतो.

रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या, खडकाळ भागातली. एक पान उलटून बघा. कडा आत दुमडलेल्या आणि खाली पांढरट लव दिसेल. ओलावा उडून जाऊ नये म्हणून केलेली ही तिची स्वतःची सोय आहे. म्हणून मातीत बोट दोन पेरं खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं. पण देताना तळातून वाहेपर्यंत, आणि बशीत साचलेलं लगेच ओतून टाकायचं. मी दोन भाग मातीत एक भाग जाडसर वाळू मिसळते. कुंडी प्लास्टिकची नको, भाजक्या मातीची घ्या. ऊन रोज किमान 6 तास हवं, यात तडजोड नाही. खत मात्र बेतानंच.

बियांच्या नादी लागू नका, त्या कमी आणि फार सावकाश उगवतात. फुलं नसलेली 10-12 सेंटिमीटरची कोवळी फांदी कापा, खालच्या अर्ध्या भागाची पानं काढा आणि ओलसर वाळूमिश्रित मातीत खोचा. मुळं धरायला महिना-दीड महिना लागू शकतो. रोज उपटून बघायचा मोह आवरा (मला आवरत नाही). पुढे छाटताना पानं असलेल्या हिरव्या भागातच कात्री चालवा. उघड्या, जून लाकडापर्यंत छाटलं तर तिथून सहसा फुटवा येत नाही.

आता स्वयंपाक. ही कोथिंबिरीसारखी शेवटी वरून भुरभुरवायची गोष्ट नव्हे. पान चिवट असतं, चव तेलात आणि उष्णतेत उतरते, म्हणून सुरुवातीलाच घाला. बटाट्याच्या फोडींना तेल, मीठ, ठेचलेला लसूण आणि बारीक चिरलेली रोझमेरी चोळून ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअसला खरपूस भाजा. चार जणांना बोटभर लांबीची एक फांदी पुरते. जास्त झाली की कापराची आठवण येते, कारण तिच्या तेलात खरोखरच कापूर असतो. रस्सा किंवा सूप असेल तर अख्खी फांदी टाका आणि वाढण्याआधी काढून घ्या. वाळवलेली वापरणार असाल तर ताजीच्या एक तृतीयांश.

एक मात्र करू नका: ताजी फांदी तेलाच्या बाटलीत बुडवून ओट्यावर शोभेला ठेवणं. तेलाखाली हवा पोचत नाही, तिथं बोटुलिझमचे (एक जीवघेणी अन्नविषबाधा) जंतू वाढून विष तयार होऊ शकतं, आणि वासावरून ते कळतही नाही. असं तेल थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.